पाठ फिरवलेला गोपाळ

पूर्वी रत्नावर्त नगरीत वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेर, मेलेल्या गुरांची कातडी सोलणाऱ्याच्या घरी जन्मले होते. नगरीच्या पूर्वेला गोपाळांचे गाव होते. राजवाड्यात लागणारे तूप तिथून जाई आणि त्याच्या बदल्यात राजाने गावाला चराईचे कुरण दिले होते. तूप थांबले की कुरण दुसऱ्याचे, इतका सरळ मामला होता.

गोपाळांचा मुखिया सुदंत. कुरणाच्या मधोमध एक दलदलीचे तळे होते आणि त्यात यक्षिणी राहते असे सगळे मानत. रोज भर दुपारी गोपाळ पहिल्या धारेचे दूध तळ्यात ओतत आणि कळपाला गुडघाभर पाण्यात उतरवून तेच पाणी पाजत. यक्षिणीचे उष्टे पाणी गाईंना मानवते, असे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी सांगून ठेवले होते. आणि आजोबा-पणजोबांना उलट विचारायची पद्धत त्या गावात नव्हती.

एका वर्षी पाऊस रेंगाळला आणि तळे कुरणभर पसरले. मग गाई आटू लागल्या. महिन्याला बारा घागरी तूप निघे ते सहावर आले, मग तिनावर. बैल नांगराच्या तासातच बसकण मारू लागले. गाईंच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागली; बोटाने दाबली की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. सुदंताने चार कालवडी बाजारात नेल्या, तेव्हा व्यापाऱ्याने गळ्याखाली हात घालून पाहिला, हात धोतराला पुसला आणि तो पुढच्या दावणीकडे गेला.

यक्षिणी रागावली, असे गावाने ठरवले. दूध दुप्पट ओतले जाऊ लागले, कळप सकाळीही तळ्यावर जाऊ लागला. दुपारी तिथे वारा पडलेला असे. चाळीस गाई माना खाली घालून उभ्या असत आणि एकही हंबरत नसे. पाणी पिण्याचा आवाज मात्र त्यांच्याकडून नव्हे, पलीकडच्या लव्हाळ्यातून येई. हे सुदंताने बायकोला, खेमीलाही सांगितले नव्हते. सांगितले तर ते खरे ठरेल, याची त्याला भीती वाटत होती.

गाई मरू लागल्या. मेलेल्या गाईकडे गोपाळाने पाठ फिरवायची, डोळ्यांना पाणी लावायचे आणि मागे न बघता घरी जायचे, अशी रीत होती. मागून बोधिसत्त्व येत आणि गाय दोराने ओढून नेत. त्या वर्षी त्यांच्या झोपडीभोवती कातडी वाळत घालायला जागा उरली नाही. सगळे गाव बुडत असताना एकाच घराची भरभराट व्हावी, म्हणजे करणी त्याचीच, अशी कुजबुज सुरू झाली. सुदंताचेही मत वेगळे नव्हते.

मग पिंगी मेली, तळ्याच्या काठावरच. खेमीच्या माहेराहून आलेली ती गाय होती. सुदंताने पाठ फिरवली. त्याचे डोळे पाणी लावण्याआधीच ओले झाले होते. मागून दोर ओढल्याचा आवाज आला नाही; सुरी चालल्याचा आला, आणि तो थबकला.

“धनी, वळून बघा,” बोधिसत्त्व म्हणाले.

“काय बोलतोस ते कळतंय का तुला?”

“कळतंय. या वर्षी एकवीस गाई सोलल्या मी. एकदा बघा, मग हवं तर दगड मारा.”

लव्हाळ्यातला आवाज एकदम थांबला. पिता पिता कुणीतरी ऐकायला लागल्यासारखे सुदंताला वाटले. तरी तो वळला.

बोधिसत्त्वांनी पिंगीचे काळीज, म्हणजे यकृत, काढून दगडावर ठेवले होते. ते राखाडी आणि टणक होते. सुरी घातली तेव्हा करकर आवाज झाला, आणि चिरेतून पिंपळाच्या कोवळ्या पालवीसारखी चपटी, तपकिरी पाने बाहेर आली. वारा नव्हता. पाने हलत होती.

“ही पानं नव्हेत, किडे आहेत. तुमचं तूप हेच खातायत,” बोधिसत्त्व म्हणाले. “डोंगरावरच्या गाई झऱ्याचं पितात, त्यांच्या काळजात हे नसतात. गोठ्यात बांधलेली तुमची वासरं विहिरीचं पितात, त्यांचे गळे चाचपून बघा. या बारक्या गोगलगायी दिसतात ना काठावर? जिथं या, तिथलीच गुरं माझ्याकडे येतात.”

सुदंताने दगडावरून नजर उचलली. “गाई मेल्या तरच तुझी चूल पेटते. मग मला का सांगतोस?”

“पहिल्या दहा गाईंपर्यंत मला कळलं नाही. पुढच्या दहांपर्यंत खात्री नव्हती. आता आहे. आता गप्प बसलो तर पुढची गाय मीच मारली म्हणायची.”

सुदंताला स्वतःची लाज वाटली. त्याने गावातल्या एकेकाला काठावर आणून वळून बघायला लावले. विहिरीजवळ दगडी डोणी भरल्या, कळप उंचावरच्या कोरड्या माळावर नेला आणि तळ्याला काट्यांचे कुंपण घातले. शेवटची काटेरी फांदी त्याने रोवली तेव्हा भर दुपार होती.

“दूध थांबवलंस ते बरं केलंस,” लव्हाळ्यातून बाईचा थकलेला आवाज आला. “पाणी आंबलं होतं. मी कधी मागितलं होतं काही?”

“चुकलो, आई,” सुदंत म्हणाला. लव्हाळा वाकला आणि कुणी टेकून बसल्यासारखा वाकलेलाच राहिला.

आतून पोखरलेल्या गाई सगळ्या वाचल्या नाहीत. वासरे मात्र तगली, पुढे तीही दुभती झाली, आणि कुरण गोपाळांकडेच राहिले. बोधिसत्त्वांच्या झोपडीभोवतालच्या काठ्या रिकाम्या पडल्या. ते अंबाडीचे दोर वळू लागले. ज्या हातांनी मेलेली गुरे ओढली त्याच हातांनी वळलेल्या दाव्यांना आता जिवंत गाई बांधलेल्या असत.

इतके सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, थांबले. त्या सकाळी एक म्हातारा भिक्षू नदीचे नितळ पाणी तीन-तीनदा गाळताना बघून तरुण भिक्षू हसले होते. “त्या वेळचा सुदंत म्हणजे हा भिक्षू,” शास्ते म्हणाले. “यक्षिणी म्हणजे संघासाठी गाळणी शिवणारी ती अबोल थेरी, ती वडीलधारी भिक्षुणी. कातडी सोलणारा मीच होतो.” म्हाताऱ्याने मान वर केली नाही; त्याने तेच पाणी चौथ्यांदा गाळायला घेतले.

“पोटापुरते ठेवून उरलेले तर सगळेच देतात,” शास्ते म्हणाले. “ज्यावर आपले पोट चालते तेच सोडून देणे, याला दानपारमिता, दानाची परिसीमा, म्हणतात.”