तेलाच्या डब्यातलं गांडूळ

कुमुदकाकूच्या गॅलरीत एक डबा होता. तेलाचा रिकामा डबा. डब्यात माती. मातीत मिरचीचं रोप. आणि रोपाखाली, खोल अंधारात, एक इवलंसं गांडूळ राहायचं.

काकूचा रोपावर फार जीव. येता एक तांब्या पाणी. जाता एक तांब्या पाणी. पण डब्याला भोकच नव्हतं. पाणी जाणार कुठे?

डबुक डबुक. मातीचा चिखल झाला. मिरचीने मान टाकली. गांडुळाचं घर बुडालं.

काकू उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मेलं वाटतं हेही. घंटागाडी आली की डबा टाकून देते."

गांडुळाने ते ऐकलं. ते फार घाबरलं. सुळुक सुळुक वर आलं.

"पाण्या पाण्या, निघून जा. माझं घर बुडालं."

पाणी म्हणालं, "डब्याला भोक पडल्याशिवाय मी जात नाही."

गांडूळ गेलं डब्याकडे. सुळुक सुळुक.

"डब्या डब्या, भोक पाड. पाणी काही जाईना, माझं घर बुडालं."

डबा म्हणाला, "खिळ्याने टोचल्याशिवाय भोक पडत नाही."

गांडूळ गेलं खिळ्याकडे. सुळुक सुळुक.

"खिळ्या खिळ्या, डब्याला टोच. डब्याला भोक पडेना, पाणी काही जाईना, माझं घर बुडालं."

खिळा म्हणाला, "हातोडीने ठोकल्याशिवाय मी टोचत नाही."

गांडूळ गेलं हातोडीकडे. सुळुक सुळुक.

"हातोडी हातोडी, खिळा ठोक. खिळा काही टोचेना, डब्याला भोक पडेना, पाणी काही जाईना, माझं घर बुडालं."

हातोडी म्हणाली, "काकूने उचलल्याशिवाय मी ठोकत नाही."

गांडूळ गेलं काकूकडे. सुळुक सुळुक.

"काकू काकू, हातोडी उचल. हातोडी काही ठोकेना, खिळा काही टोचेना, डब्याला भोक पडेना, पाणी काही जाईना, माझं घर बुडालं."

काकू म्हणाली, "नको रे बाळा. माझ्या हातून काही जगत नाही. गुलाब गेला. मोगरा गेला. रोपाने मान वर केल्याशिवाय मी उठत नाही."

गांडूळ गेलं रोपाकडे. सुळुक... सुळुक...

"रोपा रोपा, मान वर कर. काकू काही उठेना, हातोडी काही ठोकेना, खिळा काही टोचेना, डब्याला भोक पडेना, पाणी काही जाईना, माझं घर बुडालं."

रोप हळूच म्हणालं, "माझे पाय बुडालेत. पाणी गेल्याशिवाय मी मान वर करत नाही."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. गांडूळ फरशीवर आलं. फरशीवर ऊन होतं. गांडूळ सुकायला लागलं. त्याला सुळुक करता येईना.

काकूने पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. तिने हात पाण्यात भिजवला. गांडुळाला अलगद तळहातावर घेतलं. सावलीत नेलं. वाट पाहिली.

गांडूळ हललं. थोडंसं. मग आणखी थोडंसं.

"काकू," गांडूळ म्हणालं, "मी तुझ्या हातात आहे. मी जगलो."

काकूने हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसले.

आणि काकू उठली.

काकूने हातोडी उचलली. हातोडीने खिळा ठोकला. ठक! डब्याला पोचा पडला. ठक! खिळा घसरला. ठक! खिळ्याने डब्याला टोचलं. डब्याला भोक पडलं. भोक वाकडंतिकडं. पण पडलं.

पाणी निघालं. ठिप ठिप ठिप.

काकूने गांडुळाला मातीवर ठेवलं. सुळुक. गांडूळ घरी गेलं.

टण टण! घंटागाडी आली. रोपाची मान अजून खालीच होती. काकूने भाजीची देठं दिली. सालं दिली. डबा नाही दिला.

ती रात्र गेली. दुसरीही गेली. एक पान गळून पडलं.

मग एका सकाळी रोपाने मान वर केली. जराशीच.

काकूने तांब्या आणला. पण थांबली. आधी मातीत बोट घातलं. माती ओली होती. काकूने तांब्या खाली ठेवला.

तेवढ्यात मातीतून कुणीतरी बोटाला हळूच लागलं.

सुळुक.