टिकलीची झोप आणि लालीची सीट

एक होती उंदरी. टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली राहायची लालीमध्ये. लाली म्हणजे दिगूदादाची लाल गाडी. लालीच्या मागच्या सीटला होतं एक भोक. भोकात मऊ मऊ कापूस. कापसात टिकली. मज्जा!

एक दिवस दादाला आली लहर.

"उद्या घाटाची शर्यत! लाली वाऱ्यासारखी पळायला हवी. जड जड सगळं काढा. लालीला हलकं करा!"

किर्र किर्र किर्र! यासीनमिस्त्रींनी पाना फिरवला. रेडिओ काढला. पायपुसणं काढलं. पुढे टांगलेलं लिंबू-मिरचीसुद्धा काढलं! हो, खरंच. लिंबू फार जड असतं म्हणे.

आणि काढली मागची सीट. धप्प! ठेवली अंगणात. टिकली टुणकन बाहेर!

सीटवर येऊन बसली कोण? मांजर! घुर्र घुर्र. झोपलीसुद्धा.

आता टिकली कुठे झोपणार?

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली आली सीटपाशी. सीटच्या कानात बोलली. सीटला कान असतो? असतो. शिवणीपाशी.

"सीटबाई, सीटबाई, गाडीत जा ना!
टिकलीला झोप येईना!"

सीट म्हणाली, "पाना फिरेल, तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली पान्याकडे.

"पानेदादा, पानेदादा, फिरा ना!
सीट हलेना,
टिकलीला झोप येईना!"

पाना म्हणाला, "मिस्त्री उठतील, तर मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली मिस्त्रींकडे. मिस्त्री चहा पीत होते. सुर्र सुर्र.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, उठा ना!
पाना फिरेना,
सीट हलेना,
टिकलीला झोप येईना!"

मिस्त्री म्हणाले, "गाडी दादाची, बेटा. दादा ऐकेल, तर मी उठेन." सुर्र.

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली दादाकडे. दादाच्या तोंडात लाडू. मचमच मचमच.

"दिगूदादा, दिगूदादा, ऐका ना!
मिस्त्री उठेना,
पाना फिरेना,
सीट हलेना,
टिकलीला झोप येईना!"

दादा म्हणाला, "अगं टिकले, लाली अजून जडच आहे! काटा 'पुरे' बोलेल, तर मी ऐकेन." मचमच.

अंगणात होता मोठा वजनकाटा. दादा त्यावर सगळं मोजायचा. रेडिओ मोजला. सीट मोजली. लिंबूही मोजलं.

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली काट्याकडे.

"काटेबुवा, काटेबुवा, बोला ना!
दादा ऐकेना,
मिस्त्री उठेना,
पाना फिरेना,
सीट हलेना,
टिकलीला झोप येईना!"

काटा म्हणाला, "कसा बोलू? सगळ्यात जड जे आहे, ते अजून माझ्यावर चढलंच नाही."

"ते काय?"

काटा नुसता हसला. "वहिनी माझ्यावर लाडू ठेवेल, तर मी बोलेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली वहिनीकडे. वहिनी म्हणजे दिगूदादाची बायको.

"वहिनी, वहिनी, लाडू ठेवा ना!
काटा बोलेना,
दादा ऐकेना,
मिस्त्री उठेना,
पाना फिरेना,
सीट हलेना,
टिकलीला झोप येईना!"

आता वहिनी काय म्हणाली? 'अमका करेल तर मी करेन' म्हणाली? छे!

वहिनी म्हणाली, "अगं बाई, तुझीही सीट गेली? माझीही गेली! मी कुठे बसू विचारलं, तर हे म्हणतात, बादली उपडी घाल आणि बस!"

वहिनीने उघडला डबा. टण्ण! आत एकच लाडू उरलेला. बाकीचे कुठे गेले? मचमच मचमच!

वहिनीने लाडू ठेवला.
लाडू बघून दादा चढला. धडाम्!
काट्याची सुई फिरली. गर्र गर्र गर्र! रेडिओच्या पुढे. सीटच्या पुढे. लिंबाच्या तर कितीतरी पुढे!
काटा बोलला, "पुरे! पुरे! पुरे!"

सगळ्यात जड काय होतं? कळलं ना?

मिस्त्री हसून हसून चहात शिंकले. दादा लाजला. लाडवाएवढा झाला.

मग दादाने ऐकलं.
मिस्त्री उठले.
पाना फिरला. किर्र किर्र किर्र!
सीट हलली.
मांजर पळाली. म्यांव!
सीट लालीत बसली. धप्प!
लिंबू-मिरचीही परत आलं.
वहिनीने लाडू फोडला. एक कण टिकलीला दिला. टिकली भोकात शिरली, कण खाल्ला, आणि...

घुर्र? नाही, ते मांजरीचं.
टिकलीचं, सूं सूं... सूं सूं...

दुसऱ्या दिवशी घाटाची शर्यत. दादा आला ऐटीत. चावी वहिनीच्या हातात!

"अहो, लाली हलकी हवी ना?" वहिनी म्हणाली. "मग तुम्ही चाला!"

लाली पुढे, भुर्र भुर्र भुर्र.
दादा मागे, हुश्श हुश्श हुश्श.

पहिली कोण आली? लाली!
शेवटी कोण आलं? सांगू नका, तो पुन्हा लाजेल.

आणि टिकली? तिला शर्यत झाली हेच माहीत नाही. सूं सूं... सूं सूं...

गोष्ट चढली घाट, लाडवाने भरलं ताट, आता तुम्हीही डोळे मिटा, स्वप्नात टिकली बघतेय वाट.