लागली की लावली?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बातमी माणसाच्या पायांनी चालत यायची. काय दिवस होते ते! "सांग्या आला रे," असं कोणी ओरडलं की तव्यावरची भाकरी तशीच टाकून सगळं गाव पारावर गोळा व्हायचं. आधी त्याला तांब्याभर ताक, मग बातमी.

सांग्या म्हणजे लढाई पाहून गावोगाव सांगणारा. त्याच्या डोक्याला पांढरं मुंडासं असे. ते दिसलं की दोन्ही फौजा त्याला वाट देत.

अशाच एका सांग्याची ही हकिकत. त्याच्या गुरूनं मरताना त्याला एवढंच सांगितलं होतं, "बाबा, मुंडासं पांढरं ठेव." ते त्यानं जिवापाड पाळलं. कोणाचा कैवार नाही, कोणाला बोल नाही. टेकडीवरून बघायचं आणि कोणाला झोंबणार नाहीत अशा शब्दांत सांगायचं.

एकदा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राजांची नदीवरून जुंपली. सांग्यानं टेकडीवरून पाहिलं, उत्तरेचे घोडेस्वार पलिते घेऊन एका गावात शिरले आणि त्यांनी घरं पेटवली. गावात औषधालासुद्धा शिपाई नव्हता. त्या स्वारांचं नाव सांग्याच्या ओठांवर आलं. पण मुंडासं आठवलं आणि त्यानं ते गिळलं.

तिथून तो कुंभारवाडीला आला. पारावर उभा राहून म्हणाला, "शेजारच्या गावाला आग लागली. बरीच घरं गेली."

येसाक्का कुंभारीण पुढेच बसली होती. घरी तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला. तिनं विचारलं, "सांगेदादा, आग लागली की लावली?"

"आक्का, आम्ही बाजू घेत नाही. आग होती, एवढं मी पाहिलं."

"मग उन्हाळ्याची ठिणगी उडाली असेल," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला गाडीत घालून उगाच हाल कशाला करायचे?" सगळ्यांना ते पटलं. जो तो आपल्या चाकाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पलिते कुंभारवाडीत आले.

सांग्या धावत परतला. हिंडती-फिरती माणसं ओढ्यात लपून वाचली होती. सासरा घरातच राहिला होता. येसाक्का राखेत बसली होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तू पाहिलं होतंस ना रे? मग एक अक्षर का गिळलंस?"

सांग्या नदीवर जाऊन बसला. हाच तो घाट. प्रत्येक लढाईनंतर गुरू इथं मुंडासं धुवायचा, गुणगुणत, घासून घासून. पाणी काळं व्हायचं. मग ते बाभळीवर वाळत घालून दोघं चटणी-भाकरी खायचे. किती सुखाचे दिवस! सांग्यानं स्वतःचं मुंडासं उतरवून पाहिलं. त्याच्यावर एक डाग नव्हता.

मळणार कसं? गुरू टेकडीवरून खाली उतरायचा. जळक्या घरांत शिरायचा, रडणाऱ्यांना विचारायचा आणि ज्यानं केलं त्याचं नाव सांगायचा, मग तो राजा असो की शिपाई. "मळू देऊ नकोस असं तो कुठं म्हणाला होता?" सांग्या पुटपुटला आणि हमसून हमसून रडला.

उठला तो थेट पुढच्या गावच्या पारावर. "आग लावली! उत्तरेच्या स्वारांनी लावली, मी पाहिलं. आणि गेल्या महिन्यात बांध फुटला असं मी सांगितलं, तेही अर्धवट. तो दक्षिणेच्या फौजेनं फोडला, शेतं त्यांनी बुडवली. आता म्हातारी माणसं आधी गाडीत घाला आणि निघा!"

गाव निघालं. स्वार आले तेव्हा त्यांना रिकामी घरं सापडली, माणूस एकही सापडला नाही.

दोन्ही राजे खवळले. त्यांनी त्याचं मुंडासं हिसकावलं, टेकडी बंद केली. सांग्या बोडक्या डोक्यानं हिंडू लागला.

कुंभारवाडीत जायला मात्र त्याचे पाय धजेनात. गेला तेव्हा पारावर तांब्या घेऊन येसाक्काच उभी होती. त्याची मान वर होईना.

"आधी ताक पी," ती म्हणाली. "मग सांग. अख्खं सांग."

तात्पर्य: बाजू कोणाचीही घेऊ नये, पण ज्यानं केलं त्याचं नाव गिळू नये.