तिसऱ्या बाकावरची तुळई

“लग्न चार दिवसांवर आलं, बाबा, आणि तुम्ही म्हणता दार उघडणार नाही. कारण तरी सांगाल?”

इलियाबाबा देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी तू सांग. दोन दिवस कुठं होतास?”

शांतवन उजागरेला राग आला. साऱ्या गावाला ठाऊक होतं तो कुठं होता. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला तो नेवाशाच्या बाजूला गेला होता.

तो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. नद्यांवर पूल बांधणाऱ्या पलटणीत त्याची चोवीस वर्षं गेली होती. गावातलं चर्च काळ्या दगडाचं, कौलारू. गावात त्याला देऊळच म्हणतात. सेहेचाळीस वर्षं ते इलियाबाबांनी सांभाळलं. बाबा थकले, तेव्हा पंचांनी शांतवनला त्यांच्या हाताखाली दिलं आणि सांगितलं, सगळं शिकून घे.

बाबांनी त्याच्या हातात झाडू दिला. तीन महिने झाले, दुसरं काही दिलं नाही.

शांतवनला ते लागलं होतं. पण तो शिस्तीचा गडी. उजाडायला यायचा, वेदीपासून दारापर्यंत झाडायचा, सुपली भरून चिंचेच्या बुडाशी ओतायचा. फरशीवर कण राहू द्यायचा नाही. पाळकसाहेबांनी भर उपासनेत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. बाबा मात्र कधी चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत.

“दोन दिवस झाडलं नाही, एवढाच राग ना?” तो म्हणाला. “आत्ता झाडतो. पाच मिनिटांचं काम.”

“झाडू नको. तू झाडलं नाहीस म्हणूनच कळलं.”

“काय कळलं?”

बाबा उठले. त्याला आत घेऊन गेले. देवळात सगळेच अनवाणी जातात. बाबा भिंतीला हात लावत लावत उजवीकडच्या तिसऱ्या बाकापाशी थांबले.

“इथं पाय ठेव.”

शांतवनने पाय ठेवला. तळव्याला बारीक रव्यासारखं काही लागलं. त्याने बोटावर घेऊन पाहिलं. पिवळसर पीठ.

“धूळ आहे. रस्त्याची. खिडक्या उघड्या असतात.”

बाबांनी त्याला खिडक्या लावायला सांगितल्या. मग खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून फरशीवर अंथरलं आणि बाकावर बसले. शांतवनलाही बस म्हणाले.

दोघे बसून राहिले...

मंडपवाला बाहेरून हाका मारून गेला. आचारी येऊन गेला. शांतवनची चुळबुळ चालली होती. शंभर कामं पडली होती आणि हा म्हातारा त्याला बंद देवळात बसवून ठेवत होता. उठावं असं चारदा मनात आलं. पण बाबा उठेनात, म्हणून तोही उठला नाही.

दुपारच्या उन्हाने कौलं तापली. वर लाकूड करकरलं. उपरण्यावर चिमूटभर पिवळं पीठ पडलं.

थोड्या वेळाने आणखी एक चिमूट.

शांतवनने वर पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली तुळई होती, तिच्यावर सगळ्या छपराचा भार. खालून ती काळी, गुळगुळीत, धडधाकट दिसत होती.

तो शिडी लावून वर चढला. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं त्याने खिशातला चाकू टेकवला आणि नुसता दाबला. चाकू मुठीपर्यंत आत गेला. भुंग्याने लाकूड आतून खाल्लं होतं. बाहेर फक्त साल उरली होती.

तो खाली उतरला.

“हे किती दिवसांचं असेल, बाबा?”

“ते तुला ठाऊक. फरशी तू झाडत होतास.”

चिंचेच्या बुडाशी ओतलेल्या सुपल्या त्याला आठवल्या. किती ते मोजता येण्यासारखं नव्हतं. एकाही सुपलीत त्याने डोकावलं नव्हतं.

“तुम्ही तरी वर का पाहिलं नाही?” त्याचा आवाज चढला.

“मला वरचं दिसत नाही. दोन वर्षं झाली.”

“पंचांना सांगायचं होतं.”

“सांगितलं. म्हणून तर त्यांनी तुला पाठवलं.”

शांतवनने चाकू मिटून खिशात ठेवला. पण बाप होता तो, आणि गावभर पत्रिका गेल्या होत्या. लेकीने, सुनीतीने, लहानपणापासून एकच सांगितलं होतं, याच देवळात लग्न लावायचं. तिची आई याच वेदीसमोर उभी राहिली होती, आणि ती आता हयात नव्हती. त्याने हिशेब मांडला. तुळई उतरवून नवी चढवायला महिना लागेल. टेकू द्यायला एक दिवस पुरेल.

“टेकू लावतो,” तो म्हणाला. “मी पुलांना टेकू लावलेत, बाबा. दोन तासांचा तर प्रश्न आहे. काही होत नाही.”

“लाव.”

शांतवनने चमकून पाहिलं.

“दार मी उघडतो,” बाबा म्हणाले. “फक्त एक सांग. तिसऱ्या बाकावर कुणाला बसवशील? नाव घे.”

शांतवनने तोंड उघडलं. सासूबाई बसल्या असत्या. नाही, त्या नकोत. विहीणबाई... धाकटा भाऊ आणि त्याची बायको... पाळकसाहेबांची आई...

एकेक चेहरा तो बाकापर्यंत आणत होता आणि परत नेत होता. बाबा वाट पाहत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

शांतवन बाहेर गेला. मंडपवाल्याला म्हणाला, मंडप चिंचेखाली घाल.

पुढचे चार दिवस सोपे गेले नाहीत. सुनीती बापाशी बोलेना. पाळकसाहेबांनी दोनदा समजावून पाहिलं. पंचांपैकी एक जण म्हणाला, शंभर वर्षं उभं असलेलं देऊळ एका सकाळीत पडत नसतं. शांतवनने कुणाशी वाद घातला नाही. टेकू लावले, दार लावलं, आणि लग्नाच्या सकाळी कोट घालून त्या दारासमोर उभा राहिला.

व्याह्यांनी टोमणा मारला. “हवालदार, देऊळ आहे का दारूगोळ्याचं कोठार? पहारा कसला देताय?”

लोक हसले. शांतवन हसला नाही, हललाही नाही. आशीर्वाद झाल्यावर सुनीती नवऱ्याला घेऊन त्याच्या पाया पडायला आली, तेव्हा मात्र तो दार सोडून दोन पावलं पुढं झाला. तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

जूनच्या आधी तुळई उतरवली. दोराने खाली घेताना तिचं एक टोक भिंतीतच राहिलं. ते शांतवनने हातांनी उकरून काढलं. सागाची नवी तुळई त्याने स्वतः पारखून आणली, तेल पाजलं, चढवली. भिंतीतल्या खोबणीत हवा खेळेल एवढी जागा ठेवली. सगळी कौलं उतरवून पुन्हा बसवली.

काम संपलं त्या दिवशी तो बाबांना हाताला धरून आत घेऊन आला. तिसऱ्या बाकावर बसवलं. आपल्या कामावर तो खूश होता, आणि ते लपवतही नव्हता.

“झालं, बाबा. आता देऊळ पक्कं आहे ना?”

बाबांनी वाकून फरशीवरून तळहात फिरवला. तो बोटांनी चोळून पाहिला.

...

“आज आहे.”