सैल तारांची हाक

फार फार वर्षांपूर्वी अथांग समुद्रात एक डोंगराळ बेट होतं, आणि त्या बेटावर लेहुआ नावाच्या बाईचं कुणी खरं मानलं नाही. एकानंही नाही. नुसत्याच ओरडणाऱ्यांना बसायला चटई मिळाली, आणि खरं सांगणारीला लोक म्हणाले, "बाई, घरी जा आणि कंद कुट."

बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, झालं ते असं.

त्या बेटावरची गुरं डोंगरमाथ्यावर मोकळी चरत. वादळांचे दिवस जवळ आले की त्यांना खाली आणायचं. काठीनं नाही, कुत्र्यानं नाही. लेहुआचा बाप मकानी पायथ्याच्या खडकावर बसायचा आणि गिटारीच्या तारा सैल सोडायचा. अंगठ्यानं जाड तारांवर ठेका धरायचा आणि बोटांनी वर गाणं वाजवायचा. गिटार एकट्याची, पण वाटे दोघं वाजवताहेत. तो घुमणारा, लांबत जाणारा आवाज डोंगर चढून जाई, आणि गुरं आपली आपण माना हलवत कुंपणात येत. ही हाक मकानीच्या घराण्याची. कुठली तार किती सोडायची, हे त्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

घराबाहेरचं कशाला, घरातही नव्हतं! गाणं संपलं की मकानी गिटार खाली ठेवायच्या आधी सगळ्या खुंट्या पिळून टाकी. लोक कौतुकानं म्हणत, "बघा, तारांना विसावा देतो. केवढी माया!"

माया कसली? दुसऱ्या कुणी उचलून वाजवू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त होता. लेहुआ लहानपणापासून ते बघत आली होती. एकदा तिनं म्हटलंही होतं, "बाबा, मला शिकवा ना."

"तू परक्या घरी जाणार," तो म्हणाला होता. "हाक तिकडे नेशील."

लेहुआ परक्या घरी गेली. नवरा समुद्रानं नेला, तशी बापाच्या घरी परत आली. केस पिकायला लागले. हाक काही मिळाली नाही.

मग एका वर्षी मकानी घोड्यावरून पडला आणि त्याचा डावा हात लुळा झाला. आणि इकडे आभाळ काळं पडायला लागलं.

बंदरावर नालू नावाचा तरुण गिटार वाजवायचा. त्याच्या तारा ताठ, बोटं पळती, मधूनच लाकडावर थापा. तरणी माणसं त्यावर बेभान नाचत. म्हातारी नाकं मुरडत, "ही गिटार आहे का लाह्यांची कढई?" पण आता दुसरा वाजवणारा होता कोण? त्यालाच खडकावर बसवला. गाणं सगळ्या बेटाला तोंडपाठ होतं. नालूनं ते वाजवलं, एक सूर चुकला नाही.

गुरांनी वर मान केली, कान टवकारले, आणि ती आणखी वर निघून गेली.

झालं! सगळं बेट नालूवर तुटून पडलं. "तुझ्या ताठ तारांनी जुनं गाणं नासवलं! गुरं बिथरवलीस!"

मुखिया म्हणाला, "वादळाआधी गुरं खाली आली नाहीत, तर ही गिटार जाळायची आणि याला होडीत घालून समुद्रात सोडायचं. वारा असो नाहीतर लाटा."

लेहुआ गर्दीत घुसली. "अहो, त्या पोरानं काय केलंय? ही हाक सैल तारांची आहे! कुठली तार किती सोडायची ते बाबांनी दाबून ठेवलंय. त्यांना विचारा!"

"लाज नाही वाटत?" एक म्हातारी फिस्कारली. "आजारी बापावर आळ घेतेस?"

मकानी चटईवर बसला होता. कुणी त्याला वारा घालत होतं, कुणी भरवत होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. 

घरी आल्यावर लेहुआ त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, आता तरी सांगा. पोराचा जीव जाईल."

"माझ्या बापानं मला सांगितलं नव्हतं," मकानी पुटपुटला. "झुडपाआड लपून ऐकलं, तेव्हा कुठे आलं."

"म्हणजे चोरून शिकलात, आणि आता राखण करत बसलात!"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

लेहुआ तडक नालूकडे गेली आणि तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. "गिटार घे. चल वर."

"मावशी, गुरं मला बघून पळतात."

"तुला बघून नाही रे. तुझ्या तारा ऐकून."

डोंगरावर एक म्हातारी तांबडी गाय रवंथ करत बसली होती. वासरू होती तेव्हापासून ती मकानीच्या हाकेवर उतरत आली होती. नालूनं घाबरत घाबरत दोन सूर छेडले.

"बंद कर ते," गाय म्हणाली. "तार कसली ताणलीयस! धार काढायची राहिली की माझी कास होते तशी झालीय."

नालूच्या हातून गिटार पडता पडता राहिली. "मावशी, गाय बोलली!"

"बोलू दे. एवढी माणसं बोलली, त्यांनी काय उजेड पाडला?" लेहुआ गाईपुढे मांडी घालून बसली. "बये, तूच सांग आता. खुंटी कुठवर फिरवायची?"

गाईनं डोळे मिटले. "जाड तार आधी. सोड. अजून सोड. अरे, पुढे गेलास, मागे ये. हां! आता तिच्या शेजारची."

अशा एकेक करून तारा लागल्या. पण नालूची बोटं सवयीनं पळायला लागली, आणि सैल तारा नुसत्या खडखडल्या.

"सावकाश!" गाय हंबरली. "डोंगर उतरताना घाई केली की पाय मोडतो. तुला कुणी सांगितलं नाही का?"

लेहुआनं जवळचा दगड उचलला आणि खडकावर ठेका धरला. धुम्, धुम्, धुम्. बापाचा अंगठा ऐकतच तिनं जन्मभर कंद कुटले होते. खुंट्या लपवता आल्या, ठेका थोडाच लपतो? नालूनं अंगठा तिच्या ठेक्यावर सोडला, बोटं आवरली, आणि डोंगर घुमला.

तांबडी गाय उठली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे बैल, मग वासरं. नालू वाजवत पुढे, लेहुआ ठेका देत मागे, आणि मधे सगळा कळप. शेवटचं वासरू कुंपणात शिरलं आणि वादळ डोंगरावर कोसळलं.

मुखिया ओशाळला. "म्हणजे पोराचा दोष नव्हता," तो म्हणाला. "मग सांग लेहुआ, दोष कुणाचा?"

लेहुआच्या जिभेवर सगळं तयार होतं. जन्मभराचं साठलेलं होतं. पण तिला कुंपणापाशी म्हातारा दिसला. हाक ऐकून तो वाऱ्यात धडपडत आला होता, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं तोंड मिटलं.

मकानीनं नालूकडून गिटार मागून घेतली. चांगला हात खुंट्यांवर गेला. लोकांना वाटलं, आता पिळणार. पण त्यानं एकेक खुंटी नुसती चाचपली, होती तशीच ठेवली, आणि गिटार लेकीच्या हातात दिली.

पुढे नालू बेटावरच राहिला. बंदरावर तो तारा ताणून माणसांना नाचवी, आणि डोंगराखाली सैल सोडून गुरांना बोलावी. तार ताणण्यात पाप नव्हतं आणि सैल सोडण्यात पुण्य नव्हतं. लेहुआ येईल त्याला हाक शिकवू लागली, लेकींना आधी.

ध्यानात ठेवा: विद्या मुठीत आवळून धरली, तर ती मुठीतच मरते.

आणि मुखियाच्या त्या प्रश्नाचं उत्तर? ते त्याच दिवशी, कुंपणापाशी मिळालं. म्हाताऱ्यानं आपला लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून छातीवर ठेवला, आणि सगळ्या बेटासमोर दोषी माणसाचं नाव घेतलं, "मकानी."