गार यंत्राचे माप

एका डोंगरी मुलखात टेलिफोनची सात केंद्रे होती. सातही केंद्रांची घड्याळे एका ठोक्याला चालावी लागत. आकाशातले उपग्रह वेळ सांगत, छपरावरची अँटेना ती ऐकून घेई आणि घड्याळ त्याप्रमाणे चाले. एखादे घड्याळ सेकंदाच्या लाखाव्या भागाने जरी चुकले, तरी लोकांचे बोलणे मध्येच तुटे.

एके वर्षी बोलणी फारच तुटू लागली. मोठ्या साहेबांनी बसल्या जागी ठरवून टाकले, की दोष माथ्यावरच्या केंद्राचा. ते केंद्र यमुना दांगट नावाची बाई नऊ वर्षे सांभाळत होती. साहेबांनी तपासनीस मोरेश्वरपंतांना घड्याळाची चूक मोजणारे यंत्र देऊन वर पाठवले. म्हणाले, "घड्याळ चुकीचे निघू दे, बाईंना आजच घरी बसवतो."

पंत फार शिकलेले, पण मनाने धास्तावलेले. दाराला कुलूप लावून निघाले, तरी चार पावलांवरून परत येऊन ते ओढून बघत. या स्वभावाची त्यांना लाज वाटे.

पंतांनी केंद्रात यंत्र मांडले. त्याची अँटेना छपरावर बांधली, केंद्राच्या घड्याळाची वायर यंत्राला जोडली. तेवढ्यात साहेबांचा फोन तीनदा आला आणि दोनदा तुटला. पंत गडबडले. त्यांनी यंत्रावरचा फरकाचा आकडा वाचला आणि कळवून टाकला, "घड्याळ पुढे आहे."

"मी सांगत नव्हतो?" साहेब म्हणाले. "हुकूम टाइप करायला घेतो."

यमुनेचा चेहरा उतरला. तिच्या दोन मुली माथ्यावरच्याच शाळेत शिकत होत्या. ती हळूच म्हणाली, "पंत, रागावणार नसाल तर एक बोलू? यंत्र घाटातून जीपमध्ये आदळत आलंय. अजून गारच आहे. नव्या गोठ्यात म्हैससुद्धा पहिल्या दिवशी पान्हा सोडत नाही हो."

यंत्र सुरू करून ते तापून स्थिर होईपर्यंत चार तास थांबावे, मगच आकडा वाचावा, हा नियम नव्या लोकांना पंतच शिकवत. आज त्यांनी अर्ध्या तासात वाचला होता. गप्प बसले असते, तर कुणाला कळणारही नव्हते. पण मनातला संशय त्यांना बसू देईना.

ते यंत्रापाशी थांबले. यमुनेने पिठलं-भाकरी आणून दिली, ती तशीच निवली. आकडा मुंगीच्या पावलाने सरकत राहिला. चार तासांनी तो शून्यावर येऊन थांबला. पंतांनी पुन्हा पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले. केंद्राचे घड्याळ बरोबर होते.

त्यांनी फोन लावला. "साहेब, हुकूम थांबवा. चूक झाली."

"कुणाची?"

"माझी. यंत्र स्थिर होण्याआधीच मी वाचले."

"एवढे शिकून?"

"हो साहेब, एवढे शिकून."

"मग बोलणी तोडतंय कोण?"

"शोधतो. पण या खेपेला चार तास लागतील."

दुसऱ्या दिवशी पंतांनी पायथ्याच्या केंद्रात यंत्र मांडले. चार तास थांबले, मग वाचले. तिथले घड्याळ खरोखरच भरकटलेले होते. वर पाहतात तो शेजारचा फणस छपरावर असा पसरलेला, की अँटेनेला आकाशच दिसत नव्हते. दोन फांद्या उतरवल्या, तसे घड्याळ ठिकाणावर आले.

साहेबांनी अर्धा टाइप झालेला कागद फाडला आणि पंतांची कानउघाडणी करायला फोन लावला. आता बोलणे तुटत नव्हते. पंतांना ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावे लागले. त्यांनी ते समाधानाने ऐकले.

तात्पर्य: दुसऱ्याला चुकीचे ठरवण्याआधी आपले माप स्थिर झाले आहे का ते पाहावे, आणि घाईत चुकलोच, तर कबुली द्यायला उशीर करू नये.