झाकलेल्या टोपल्यांचे राज्य

एका राज्यात, जिथे गडाचा तट ढगांना टेकत होता, मजुरी झाकून देण्याची रीत होती. दर बाजारी प्रत्येकाला जोंधळ्याची टोपली मिळे, वर काळे फडके बांधलेले. राजाचा कोठीवाला काळजित हा जादूगार होता. त्याने शाप घातला होता, की आपली मजुरी जो दुसऱ्याला सांगेल तो दगड होईल.

"लोक तुलना करतात, मग भांडतात, महाराज," असे तो म्हणे. राजाला ते पटले होते.

त्या गडावर तुळसा आणि सगुणा या दोघी जावा चुना मळत. एके दिवशी थोरली तुळसा हसून म्हणाली, "सगुणे, माझ्या टोपलीकडे किती बघशील गं? मान मोडेल! थांब, शापबिप काही नसतो, सांगूनच टाकते. मला मिळतात..."

आणि ती तिथेच दगड झाली. ओठ हसरेच राहिले.

सगुणा तिच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा तटावरची साळुंकी बोलली, "शाप सुटेल. भर दरबारात तीन गोष्टी कर. आपली मजुरी सांग. तुळसेची ऐक. ऐकून मनात येईल ते राजाला विचार. गिळलेस, तर तूही दगड."

सगुणा चुन्याच्या हातांनीच दरबारात गेली. ताठ मानेने म्हणाली, "मला जोंधळ्याच्या चार पायल्या मिळतात. कष्टाच्या आहेत, लपवायच्या कशाला?" तिचे पाय दगड झाले.

"तुळसेला पाच," खिडकीत येऊन बसलेली साळुंकी म्हणाली. "कोठीत मापताना पाहिले. दाणे टिपायला मी तिथेच असते."

सगुणेच्या छातीत कडू कळ उठली. दगड कमरेवर चढला. क्षणभर तिला वाटले, राहू दे जाऊबाईंना तशाच! दगड गळ्याशी आला. तेव्हा ती ओरडली, "महाराज, मला कमी का?"

हा प्रश्न राजाने कधी ऐकला नव्हता. तो वळून म्हणाला, "काळजिता, उत्तर दे."

"तुळसा कड्यावरच्या बुरुजावर चुना चढवतेही," तो कुरकुरला. "ही खालीच मळते."

"खरे आहे," सगुणा म्हणाली. "मला भोवळ येते. माझी खेपही जाऊबाईच नेतात." आणि पाण्यात कळीचा चुना फुटावा तसा तिच्या अंगावरचा दगड फुटून गळाला.

ते पाहून म्हातारा द्वारपाल पुढे आला. "मला दोन पायल्या. शेजारच्या दारावरच्याला तीन, साळुंकीने पाहिलेत. पहारा सारखाच. का?"

काळजिताने तोंड उघडले, पण उत्तर निघाले नाही. शेजारच्या दारावर त्याचा भाचा होता. उत्तर गिळले म्हणून शाप त्याच्यावरच उलटला आणि तो उघड्या तोंडाचा दगड झाला.

त्याच घटकेला तटावर तुळसेने आपले बोलणे पुरे केले. "...पाच पायल्या!"

धावत आलेली सगुणा म्हणाली, "ठाऊक आहे, जाऊबाई. साऱ्या गडाला ठाऊक आहे."

राजाने त्याच दिवशी द्वारपालाचे माप सारखे केले. तेव्हापासून त्या राज्यात टोपलीवर फडके नसते. दगडी काळजितासमोर मजुरी मोठ्याने सांगून देतात, आणि कोणी 'का?' विचारले तर राजा स्वतः उत्तर देतो. बाजारच्या दिवशी दोघी जावा उघड्या टोपल्या डोक्यावर घेऊन गड उतरतात. एकीची थोडी जड, एकीची थोडी हलकी, आणि माना दोघींच्याही ताठ.